काळ्या जमिनीच्या परसात हिवाळी भाजीपाला लावायचाय, रोटावेटर मारून घेऊ का?

नका मारू.

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन यवतमाळकडच्या खेड्यात आलात, घरामागं २० बाय ३० फुटांची काळी जागा पडीक आहे, पाऊस नुकताच थांबलाय, मेथी पालक कोबी लावायची तर जमीन कशी तयार करायची, आणि शेजारचा म्हणतोय ट्रॅक्टर दारात आलाच आहे तर पाच मिनिटांत रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उलटायचं अवजार, फिरवून देतो. बाकीचं सांगते मागाहून, आधी त्या पाच मिनिटांचं ऐका, कारण त्याच पाच मिनिटांपायी माझा आख्खा हिवाळा वाया गेला आणि घरातला वाद अजून मिटलेला नाही.

आमचं गाव दारव्ह्याकडचं. इकडं परसबाग कोणी म्हणत नाही, सांदवाडी म्हणतात. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून सांदवाडी माझ्याकडे आहे. त्याआधी मी नुसती विळा घेऊन मागं मागं फिरायची.

२०१९ चं साल आठवत असेल तर आठवा. पाऊस जायचं नावच घेत नव्हता. परतीचा पाऊस देशातून निघायलाच ऑक्टोबरची ९ तारीख उजाडली, आणि दिवाळीतही इकडं धो धो. सोयाबीनच्या गंज्या वावरात भिजल्या, शेंगांतच कोंब फुटले, कोणाचं कशात लक्ष नव्हतं. आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावानं, त्याच वर्षी ट्रॅक्टरला नवीन रोटावेटर घेतला होता, आणि नवीन अवजार घेतलेल्या माणसाला दिसेल तिथं ते चालवून पाहायचं असतं, तो काही त्यांचा एकट्याचा दोष नाही.

मी भाऊबीजेला माहेरी गेली, आर्वीकडे. जाताना यांना दोनदा सांगून गेली की सांदवाडी पूर्ण ओली आहे, कोणी पाय ठेवू नका, मी आली की वाफसा (माती ना चिखल ना दगड, खणण्याजोगी ओल) पाहून कुदळीनं खणू. चौथ्या दिवशी परत येऊन पाहते तर तुराट्यांचं कुंपण एका बाजूनं मोडून ठेवलेलं, मधोमध ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि सगळीकडे मातीचे लोंदे, ओले, चकाकणारे, जसे काही कोणी साबणाच्या वड्या कापून टाकल्या. यांना विचारलं तर म्हणे मी सोयाबीनच्या काट्यावर होतो, मले काय माहीत.

भासरे ओसरीवर चहा पीत बसले होते. आमच्याकडे तेव्हा भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर असायचा आणि थेट बोलायचं नाही, जे काय सांगायचं ते सासूमार्फत. ते म्हणाले, "माय, तिले सांग, पाच मिन्टात काम करून देलं. कुदळीनं आठ दिस गेले असते. आता पेर म्हणा मेथी." मी आतून सासूबाईंना म्हटलं, त्यांना म्हणा माती ओली होती, आता दगड होईल. सासूबाई बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "खूश हाये ते."

तर हे झालं माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं त्याचं.

पुढं आठ दिवस कडक ऊन पडलं आणि ते लोंदे वाळून विटा झाल्या. टिकासानं मारलं तर टिकास उसळायचं. तरी मी हट्टानं वाफे पाडले, ढेकळांच्या फटीत मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) पेरला, बाजारातून फुलकोबीची रोपं आणून लावली. मेथी उगवली पण म्हाताऱ्याच्या टकलावर केस असतात तशी, इथं चार तिथं दोन. सांभार तर एकही नाही. पाणी दिलं की वरच साचून राहायचं, दुसऱ्या दिवशीही पाय घसरायचा, आणि फुलकोबी पिवळी पडून जागच्या जागी बसली. डिसेंबरात एक रोप उपटून पाहिलं तर मूळ खाली चार बोटं गेलेलं आणि तिथून आडवं वळलेलं, फरशीला टेकल्यासारखं. रोटावेटरची पाती ओल्या मातीत फिरली की वरची माती उलटते पण खालचा थर घासून घासून लिंपल्यासारखा गच्च होतो, मुळाला तिथून खाली वाटच नसते. हे मला तेव्हा कळलं नाही, तेव्हा मला फक्त राग आला.

भासऱ्यांचं उत्तर तयार होतं. बी खराब होतं. "रोटावेटरनं काय होते, वावरात तं मारतोच ना."

मी त्यातलं नारळाएवढं एक ढेकूळ उचलून घरात आणलं आणि मागच्या दाराला अडण म्हणून लावलं. वर्षभर दार त्यानंच अडवलं. भासरे आले की त्यांची नजर त्यावर जावी एवढाच हेतू होता. बोलायची सोय नव्हती ना.

पुढच्या भाऊबीजेला माझा भाऊ आमच्याकडे आला. तो अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेला. त्याला कौतुकानं ते ढेकूळ दाखवलं आणि सगळी कहाणी सांगितली. तो म्हणाला ताई, आपल्या काळ्या मातीतला चिकण भाग पाण्यानं फुगतो आणि वाळला की आक्रसतो, म्हणून तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना तिला दाबली, तुडवली की आतली हवेची छिद्रं बुजतात आणि वाळल्यावर ती अशी होते. पण हे असं कायमचं नसतं, थांब दाखवतो म्हणून त्यानं माझं ढेकूळ उचललं आणि सरळ पाण्याच्या बादलीत सोडलं. बुडबुडे आले, आणि पाहता पाहता त्याचा आपोआप भुगा होऊन तळाला बसला. कुदळ नाही की टिकास नाही. म्हणजे जे मी महिनाभर फोडत बसली होती ते नुसतं हलकं पाणी देऊन, दोन-चार दिवस थांबून, वाफशावर आलं असतं तर खुरप्यानं फुटलं असतं.

शिकायला मिळालं ते खरं, पण माझा पुरावा बादलीत गेला. त्याच संध्याकाळी भासरे आले, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय माय, यंदा ढेकूळ नाही दिसून राहिलं?"

असो. तुमचं.

तुमचा पाऊस आत्ता थांबलाय, म्हणजे आत्ता खणायचं नाही. आत्ता फक्त गवत काढा. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा, हाताला काहीतरी गुंडाळून, खाज सुटते. हराळी आणि मोथा मात्र मुळासकट, मोथ्याची खालची गाठ राहिली तर काही काढलं नाही असं समजा. रोटावेटर नको म्हणण्याचं दुसरं कारण हेच, पडीक जागेत हराळी असणारच आणि रोटावेटर तिचे बारीक तुकडे करून सगळीकडे पसरवून देतो, एकेक तुकडा फुटतो, म्हणजे तुम्ही हराळीच पेरली. आणि शेजारी तणनाशक मारतो म्हणाला तर त्यालाही नाही म्हणा. सोयाबीनवर मारतात त्यातली काही तणनाशकं जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात आणि पालक, कोबीसारख्या भाज्यांना बाधतात.

मग वाफशाची वाट पाहा. वाफसा आला की नाही हे वरून दिसत नाही, वर पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली चिखल. वीतभर खालची मूठभर माती काढायची, लाडू वळायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडून भुगा झाला तर खणा. चपटा होऊन बसला तर घरात जाऊन चहा प्या. लाडू वळतच नसेल तर उशीर झाला, आता हलकं पाणी देऊन दोन-चार दिवस थांबा. ऊन कसं पडतं त्यावर कधी चार दिवस लागतात कधी आठ, पण काळ्या जमिनीत वाफसा फार दिवस थांबत नाही, दोन-तीन दिवस मिळतात, म्हणून रोज सकाळी एक लाडू वळून पाहायचा. तुमची जागा ६०० चौरस फूट, दोघं जण असाल तर कुदळीनं दोन-तीन सकाळचं काम आहे. आठ दिस बिस काही लागत नाहीत.

वाफे वीतभर उंच करा, रुंदी तीन-चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. पाय पडला की परत तेच, छोटा ट्रॅक्टर. शेणखत पूर्ण कुजलेलं, चहाच्या भुकटीसारखं, ६०० फुटाला बारा-पंधरा घमेली पुरे. उकिरड्यावरचं ताजं शेण उचलून टाकाल तर हुमणीच्या अळ्या आणि उधई (वाळवी) सोबत येतात. आमच्या यांना जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या पाण्याचा, नाद आहे (अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, २०१६ ला पद्मश्री मिळाला ते, त्यांची पद्धत), मीही टाकते, पण एकराला २०० लिटर सांगतात म्हणजे तुमच्या जागेला तीन लिटरही नाही लागत, ड्रमच्या ड्रम बनवू नका, घरात वास येतो. आणि गच्च जमिनीवर काहीही ओतलं तरी ते वरच सुकतं.

पेरणीचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला कोणीही सांगेल. मेथी, पालक, मुळा दसरा-दिवाळीच्या मधात केव्हाही. सांभाराला रात्री गार व्हाव्या लागतात, कोजागिरीच्या आधी घाई करू नका, आणि उगवायला दहा-पंधरा दिवस घेतो तेव्हा पाचव्या दिवशी वाफा उकरून पाहू नका. लसूण दिवाळीच्या आगेमागे. कोबी, टमाटर, वांग्याची रोपं आता घरी करत बसलात तर महिना जाईल, बाजारातून आणा, संध्याकाळी लावा. पाणी सकाळी आणि बेतानं, काळी जमीन ओल धरते, रोज पाटानं सोडाल तर माझ्या फुलकोबीसारखं होईल. मधल्या जागेत सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरून दिलं तर भेगा कमी पडतात. पण कोंबड्या असतील तर त्या ते दिवसभर उकरतात, आधी कुंपण. कुंपणाचं तुम्ही विचारलंच नाही, पण डुकरं तुमचा प्रश्न वाचून थांबणार नाहीत.

आता दोन गोष्टी, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. एक, रोटावेटर मुळात वाईट नाही. वाफशावर मारला, हराळी आधी काढून, आणि दरवर्षी तेवढाच थर घासत बसला नाहीत, तर ठीक आहे. भासऱ्यांच्या वावरात तो चालतो, कारण तिथं ते वाफशाची वाट पाहतात. तिथं! तुमची जमीन मुरमाड असती तरी मी एवढं लिहिलं नसतं.

दुसरं मी आजवर घरात सांगितलेलं नाही. त्या वर्षीचा सांभार खरंच जुना होता. डब्याच्या तळाशी दोन वर्षं पडलेले धने, पोरकिडे लागलेले, मीच पाखडून पेरले होते. म्हणजे मेथीचं आणि फुलकोबीचं जे झालं ते जमिनीनंच, त्यात मी तसूभर मागं हटणार नाही, पण सांभाराबाबत भासरे कदाचित बरोबर होते, कदाचित म्हणते. माझ्या सासूबाई गेल्यावर आता आम्ही थेट बोलतो, पदरही खांद्यावर आलाय, तरी हे बोलायला जमलं नाही.

म्हणून धने पेरायच्या आधी चपलेनं किंवा वाटीनं हलकेच रगडून दोन दळं करा, आणि त्याच्याही आधी त्यातले वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बारा-पंधरा दिवसांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर नवीन आणा, बाजारात पावशेर धने काही महाग नाहीत. फडकं रोज शिंपडून ओलं ठेवायचं, आणि कुठं ठेवलं ते लक्षात ठेवायचं, माझं एकदा शेवयांच्या डब्यामागं संक्रांतीला सापडलं होतं.