सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात मिरची-टोमॅटोची रोपं कशी जगवायची?

तुम्ही लिहिलंय की बी चांगलं उगवतं, पण आठवड्याभरात रोपं एकेक करून आडवी पडतात, आणि ऊन सोसत नसेल म्हणून तुम्ही दिवसातून तीनदा पाणी घालता. माझ्या मते रोपं उन्हाने नाही, पाण्यानेच जातायत.

खात्री करायची असेल तर पडलेलं एक रोप जवळून बघा. पानं हिरवी आहेत, पण मातीला लागून देठ पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतका बारीक झालाय? मग ती मर आहे, म्हणजे कोवळी रोपं कुजवणारा बुरशीचा रोग. ही बुरशी सतत ओल्या मातीत वाढते आणि गेलेलं रोप परत उभं राहत नाही. उन्हाने मान टाकलेल्या रोपाचा देठ मात्र जाड राहतो आणि संध्याकाळी ते आपोआप ताठ होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की हात आपसूक तांब्याकडे जातो. तो आवरा.

आपली काळी माती बी रुजवायला घेऊच नका. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की वर पापुद्रा धरते. कोवळा कोंब तो फोडू शकत नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि गांडूळखत एक भाग घ्या. कोकोपीट आधी दोन-तीन वेळा धुऊन पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात आणखी भर पडते, म्हणून रोपांना नळाचं साठवलेलं पाणी द्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल पुरे. त्यात थोडी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) पावडर मिसळली तर मर बरीच आटोक्यात राहते.

बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल नको. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला औषध लावलेलं आहे; ते भिजवू नका, उघड्या हाताने चोळू नका. टोमॅटो पाच-सात दिवसांत वर येतो, मिरची आठ-बारा दिवस घेते, तेव्हा घाईने उकरून बघू नका. दोघांना २५ ते ३० अंश मानवतं. पस्तिशीच्या वर टोमॅटोची उगवण फार घटते, म्हणून पत्र्याच्या खोलीत ट्रे ठेवायचा नाही. तळमजल्यावरची शहाबादी फरशी त्यासाठी उत्तम, दुपारीही ती बऱ्यापैकी गार असते.

ओल टिकवायला ट्रेवर झाकण घातलं असेल तर पहिला कोंब दिसला की ते त्याच दिवशी काढा आणि ट्रे पूर्वेच्या खिडकीत न्या. इथे बहुतेकांची रोपं बिघडतात: अंधारात ती उजेड शोधत लांबुडकी होतात आणि स्वतःच्याच भाराने वाकतात. सकाळचं कोवळं ऊन दहापर्यंत मिळालं तर बास. खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर बारा-चौदा तास चालते. पाणी सकाळी, तेही ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून. वरचा थर फिका पडल्याशिवाय पुन्हा नाही.

खरी पानं (बीतून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटली की पंधरवड्यातून दोनदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम द्या. लावणीआधी आठवडाभर रोपं रोज थोडी जास्त वेळ बाहेर ठेवून उन्हाची सवय लावा. टोमॅटो महिन्याभरात तयार होतो, मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे पावसाच्या तोंडावर कुंडीत लावायची असेल तर मिरची आधी पेरा.

आणि बाहेर काढताना मिरचीवर ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) बारीक जाळी घाला. बोकड्या (पानं आखडून वळण्याचा रोग) आणणारी पांढरी माशी घरच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून सहज आत शिरते.