मोठ्या ताऱ्यात इंधन जास्त असतं, मग तो लवकर का मरतो?

कारण तो ते इंधन कितीतरी पट वेगानं संपवतो. वस्तुमान जास्त, म्हणून गाभ्यावरचा दाब आणि तापमानही जास्त. आणि हायड्रोजनचं हेलियम होण्याचा वेग तापमानाबरोबर प्रचंड वाढतो. सूर्य सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरतो, तरी त्याचं आयुष्य साधारण १००० कोटी वर्षांचं आहे. त्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा हजारो पट तेजस्वी असतो आणि दोन-तीन कोटी वर्षांतच आटोपतो. शेवट तर थक्क करणारा! हेलियम, कार्बन, ऑक्सिजन असं एकेक संपत जातं आणि सिलिकॉनची पाळी जेमतेम काही दिवस टिकते. मग उरतं लोखंड. त्याच्या संमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जोडली जाण्यातून, ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे आधार सुटलेला गाभा सेकंदाभराच्या आत ढासळतो.

हे आकाशात पडताळता येतं. तारकागुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी जन्मतात. तरुण कृत्तिकांत तेजस्वी निळे तारे अजून आहेत. रोहिणीजवळच्या, वयानं मोठ्या गुच्छात तसे उरलेले नाहीत.

मात्र जोडताऱ्यांना हा हिशेब सरळ लागू होत नाही, कारण एक तारा दुसऱ्याचं द्रव्य ओढून घेऊ शकतो.