अंतराळातल्या युद्धांच्या लांबलचक कादंबरी-मालिका लोक एवढ्या आवडीने का वाचतात?

तुम्ही लिहिलंय की मित्राच्या आग्रहाखातर अशी एक कादंबरी उघडली, पहिल्या काही प्रकरणांत नुसती जहाजांची नावं, हुद्दे आणि आकडे भेटले, आणि माणसं असे सहा-सहा, दहा-दहा खंड कशासाठी वाचतात हे तुम्हाला कळेना. या प्रकारातली जी मालिका मी सगळ्यात जास्त प्रेमाने वाचली, तिच्याबद्दलच सांगते. तिचं नाव 'द लॉस्ट फ्लीट'. लेखक जॅक कॅम्पबेल. हे टोपणनाव आहे, माणूस अमेरिकन नौदलातला निवृत्त अधिकारी, जॉन हेमरी. पहिला खंड 'डॉन्टलेस' २००६ मध्ये आला, सहावा 'व्हिक्टोरियस' २०१० मध्ये, आणि मुख्य कथा तिथे पुरी होते.

गोष्ट थोडक्यात अशी. दोन सत्तांमध्ये शंभर वर्षं युद्ध चालू आहे. एका बाजूचं अख्खं आरमार शत्रूच्या मुख्य सूर्यमालेत सापळ्यात सापडतं. वाटाघाटीला गेलेल्या सगळ्या वरिष्ठ सेनानींना शत्रू मारून टाकतो. मग मागे राहिलेल्यांत सर्वात ज्येष्ठ कोण? जॉन गिअरी नावाचा एक कॅप्टन. हा युद्धाच्या अगदी पहिल्या लढाईत आपलं जहाज शेवटपर्यंत लढवून एस्केप पॉडमधून, म्हणजे जीव वाचवायच्या छोट्या कुपीतून, निसटला होता, आणि शंभर वर्षं गोठलेल्या झोपेत तरंगत राहून आत्ताच सापडलाय. तेव्हा तो मेला असं धरून त्याला मरणोत्तर बढती दिली होती, त्यामुळे हुद्द्याच्या तारखेने त्याच्या वरचढ कोणीच नाही. सरकारी नोकरीतल्या कोणालाही ज्येष्ठता यादीचा हा हिशोब लगेच पटेल. आता त्याने हे आरमार शत्रूच्या मुलखातून, एकेक तारा ओलांडत घरी न्यायचं.

हा सांगाडा फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणच्या साम्राज्यात खोलवर अडकले, त्यांच्या सेनापतींना बोलणीला बोलावून दग्याने मारलं, आणि ते लढत-लढत काळ्या समुद्रापर्यंत चालत गेले. झेनोफोन त्यांच्यातलाच एक, त्याने ते सगळं लिहून ठेवलं. कॅम्पबेलने प्रेरणा तिथूनच घेतली.

मला या मालिकेने धरून ठेवलं ते अंतर आणि वेळ यांच्या हिशोबाने. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाश यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, नेपच्यूनपर्यंत जायला चार तासांहून जास्त. सिनेमातली अंतराळयुद्धं हे विसरून जातात. कॅम्पबेल एकदाही विसरत नाही. समजा तुमचं आरमार एखाद्या सूर्यमालेच्या कडेला उगवलं आणि शत्रू तीन प्रकाश-तास दूर आहे, म्हणजे तिथून प्रकाश यायला तीन तास लागतात. तुम्हाला तो लगेच दिसतो, पण दिसतो तो तीन तासांपूर्वीचा. तुम्ही आला आहात हे त्याला कळायला अजून तीन तास आहेत. कळल्यावर तो अंगावर येतो की पळतो, हे दिसायला तुम्हाला आणखी थांबायचंय. तुम्ही प्रकाशाच्या एक दशांश वेगाने त्याच्याकडे निघाला असाल, तरी त्याचं पहिलं पाऊल तुम्हाला सुमारे साडेपाच तासांनी दिसणार. तो जागीच थांबला तर गाठायला तीस तास!

या तीस तासांत माणसं काय करतात? जेवतात. झोपतात. गिअरी हट्टाने आपल्या माणसांना झोपायला पाठवतो. तोवर त्याच्या डोक्यात एकच विचार घोळत असतो: समोरच्याने आत्तापर्यंत काय केलं असेल, जे मला अजून दिसत नाही? मग दोन्ही आरमारं समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांजवळून जाण्याचा वेग सेकंदाला साठ हजार किलोमीटरच्या घरात असतो, म्हणजे एका सेकंदात पृथ्वीला दीड प्रदक्षिणा. माणसाचं बोट तिथे काही करू शकत नाही. मारा संगणक करतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं उरकतं, आणि मग पडद्यावर एकेक जहाजाची खबर येऊ लागते. कोण गेलं, कोण उरलं. त्या क्षणाचा निकाल मात्र आधीच्या तासांत, रचना कशी लावली आणि वळण कधी घेतलं, यावर लागलेला असतो. लेखकाने ही वाट बघण्याची पानं इतकी ताणून धरली आहेत की मी पुस्तक हातात घेऊन उभीच राहते.

यातलं शास्त्र हवेतलं नाही, याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलाय. २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ आठवा. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरत होतं, तिथून संदेश यायला बारा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. इंजिन सुमारे २४ मिनिटं पेटवायचं होतं आणि त्यातल्या बऱ्याच वेळात यान मंगळाच्या आड होतं. बंगळुरूत बसून कोणी ऐनवेळी काही करू शकणार नव्हतं. सगळ्या आज्ञा आधीच वर पाठवून ठेवलेल्या. टीव्हीवर त्या शास्त्रज्ञांचे चेहरे बघताना जे वाटलं होतं, तेच या पुस्तकांत पानोपानी वाटतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. या आरमारात चार संथ, बोजड जहाजं आहेत: टायटन, विच, जिन आणि गॉब्लिन. ती लढाऊ नाहीत. ती तरंगते कारखाने आहेत. बाकीच्या शेकडो जहाजांना लागणारे इंधनाचे सेल, क्षेपणास्त्रं, सुटे भाग त्यांच्या पोटात तयार होतात. त्यांना कच्चा माल लागतो, तो शत्रूच्या खाणींवर छापे घालून मिळवावा लागतो. आणि माल भरला की ती आणखी जड होतात, आणखी हळू चालतात. लढाऊ जहाजांच्या कप्तानांना ती पायातली बेडी वाटतात. गिअरीला मात्र पक्कं ठाऊक आहे की ही चार गेली तर बाकीची कितीही शूर असोत, दोन-चार ताऱ्यांपुढे जाणार नाहीत. त्याचा प्रत्येक डाव या चौघांना मधे धरून आखलेला असतो.

हे वाचताना मला राहवत नाही, कारण मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढले. भुसावळहून जवळच, १९६४ मध्ये सुरू झालेला कारखाना. इथे रायफलींची काडतुसं बनतात. नाना तिथे तपासणीत होते. घरी कामाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल चालू होतं, तेव्हा ते फार उशिरा घरी यायचे, आणि टीव्हीवर द्रास-बटालिकच्या बातम्या लागल्या की ताट तसंच ठेवून बघत बसायचे. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला ऐकून माहीत असेल. त्या उन्हात पाळ्या करणारी ती माणसं कुठल्याच युद्धकथेत नसतात. या मालिकेत आहेत. गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर मी नानांना पहिल्या खंडाची गोष्ट सांगत होते, आरमार, सापळा, सुटका सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मंग त्यायले गोया कोन देतं, बाई?" मी टायटन आणि विचबद्दल सांगितलं तेव्हा ते उठून बसले. पुढचे खंड मी वाचायचे आणि रात्री त्यांना सांगायचे. लढाईचं वर्णन त्यांना थोडक्यात चालायचं. साठा किती उरला हे मात्र नीट सांगावं लागायचं. पाचव्या खंडापर्यंत इंधनाची टक्केवारी इतकी खाली येते की नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतानाच विचारलं होतं, पोचले का घरी?

मराठी वाचकाला हा रसदेचा विचार परका वाटायचं कारण नाही. १७२८ ची पालखेडची मोहीम आपल्या खानदेशावरून गेलेली आहे. बाजीरावांनी बुऱ्हाणपूरची हूल दिली, खानदेशातून गुजरातकडे निघून गेले, निजाम पुण्याकडे वळला. मग बाजीराव झपाट्याने माघारी आले आणि जड तोफा मागे टाकून आलेल्या निजामाला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडीत धरलं. बाजीरावांचं बळ असं की त्यांच्या फौजेला मागे ओढणारं सामान जवळजवळ नव्हतंच, घोड्याची वैरण वाटेतल्या मुलखातून मिळायची. गिअरीला ती सोय नाही. दोन ताऱ्यांच्या मधे गाव नसतं, विहीर नसते. त्यामुळे त्याला बाजीरावांसारखी हूल द्यायची असते आणि निजामासारखं ओझंही वागवायचं असतं, ही त्याची खरी अडचण. मला ती कुठल्याही परग्रहवासीयापेक्षा जास्त रंजक वाटते.

माणसांबद्दल बोलायचं तर गिअरी जागा झाला तेव्हा त्याचं जग संपलेलं आहे. त्याच्या नावाची मोठी दंतकथा झालीय, 'ब्लॅक जॅक' म्हणून लोक त्याला जवळजवळ देव मानतात, आणि त्याला ते नकोसं होतं. त्याच्या भावाचा नातू याच आरमारात एका जहाजाचा कप्तान आहे, वयाने त्याच्यापेक्षा मोठा, आणि या दंतकथेखाली दबून आयुष्य गेलं म्हणून त्याच्यावर मनापासून चिडलेला. त्या दोघांचं पहिल्या खंडातलं बोलणं मी परत-परत वाचते.

शंभर वर्षांच्या युद्धाने आरमाराचं काय झालंय, हेही त्याच्याच डोळ्यांनी दिसतं. अनुभवी माणसं एवढ्या वेगाने मेली की डावपेच शिकवायला कोणी उरलंच नाही. आता लढाई म्हणजे समोर दिसला शत्रू की सगळ्यांनी धावत सुटायचं. बैठकीत कप्तान आज्ञा घेत नाहीत, मतदान करतात. सलाम करायची पद्धत विसरली गेलीय. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे कैद्यांना मारणं, वस्त्यांवर मारा करणं हे रोजचं झालंय. चांगली, प्रेमळ माणसंसुद्धा त्याबद्दल शांतपणे बोलतात. गिअरी हे थांबवतो तेव्हा त्यांना आधी कळतच नाही की यात चूक काय. शत्रूने केलं म्हणून आपण केलं, आपण केलं म्हणून त्यांनी, अशी शंभर वर्षं. युद्धाबद्दल लिहिणारा लेखक स्वतः गणवेशात राहिलेला आहे आणि त्याला हे सांगावंसं वाटतं, याचा मला फार आदर आहे.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक खंडात मागची गोष्ट पुन्हा समजावली जाते, सलग वाचणाऱ्याला ती पानं उलटावी लागतात. शत्रूपक्षाची माणसं बराच काळ एकाच साच्यातली वाटतात. प्रेमाचा जो त्रिकोण आहे तो मला कधीच पटला नाही. त्यातली राजकारणी बाई, व्हिक्टोरिया रिओन, एकटीच इतकी दमदार आहे की तिला त्या त्रिकोणाची गरज नव्हती. सत्ता हाती आल्यावर गिअरी हुकूमशहा होईल का, या भीतीने ती त्याच्यावर सतत नजर ठेवते. तिचे प्रश्न खोचक असतात आणि बहुतेक वेळा बरोबर.

भाषेची काळजी करू नका. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं आखूड आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्याला जमेल असंच आहे. जहाजांची नावं पाठ करायच्या फंदात पडू नका, ज्यांची गरज आहे ती आपोआप लक्षात राहतात. आधी मुख्य सहा खंड, क्रमानेच. त्यानंतर 'बियॉन्ड द फ्रंटियर' नावाने कथा पुढे गेली आहे, पण मी तुम्हाला त्याआधी 'द लॉस्ट स्टार्स' सुचवीन, कारण ती शत्रूच्या बाजूने लिहिलेली आहे आणि साच्यातल्या माणसांची जी तक्रार मी वर केली तिला तिथे उत्तर मिळतं.

पहिला खंड घेतलात तर कॉर्व्हस नावाच्या सूर्यमालेपर्यंत वाचा. सापळ्यातून निसटल्यावर आरमार तिथे येतं, समोर शत्रूची थोडीशी जहाजं दिसतात, आणि गिअरीचे कप्तान रचना मोडून त्यांच्यामागे धावत सुटतात. तो ओरडून सांगतो, पण त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. तिथे तुमच्या पोटात गोळा आला तर पुढचे पाच खंड तुम्ही स्वतःहून शोधाल. नाही आला तर खुशाल सोडून द्या.