गाडीचा ब्लोअर बंद? मोटर लगेच बदलू नकोस

मित्रा, ब्लोअर म्हणजे गाडीत हवा फेकणारा पंखा. तो बंद पडला म्हणून नवी मोटर आणायच्या आधी एक सांग: वेगाच्या स्विचच्या ४ नंबरवर हवा येते का? १, २, ३ वर गप्प आणि ४ वर फुल, असं असेल तर मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर (कमी वेगासाठी करंट कमी करणारा भाग) जळलाय. तो हवेच्या डक्टमध्येच बसवलेला असतो, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. स्वस्तातलं काम. फक्त त्याचा कनेक्टर वितळलाय का ते बघ. तो तसाच ठेवलास तर नवा रेझिस्टरही जाईल.

कुठल्याच नंबरवर काही नाही? आधी फ्यूज. मग ग्लोव्ह बॉक्स काढ, बहुतेक गाड्यांत मोटर त्याच्या मागे असते. स्विच चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिला हलकेच ठोक. फिरली तर बहुधा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत, दिवस भरलेत तिचे. नाहीच फिरली तर मोटरचा प्लग काढून तिला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दे, मध्ये फ्यूज लावून. आता फिरली तर दोष स्विच, रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), वायरिंग नाहीतर अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या) वायरमध्ये.

फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकू नकोस, वायर पेटेल. पंखा अडकला की मोटर जास्त करंट ओढते. माझ्या गाडीत उंदराने त्यात चिंध्यांचं घरटं केलं होतं! मी घाईत आणलेली नवी मोटर अजून कपाटात पडून आहे.