फ्रेंच येत असेल तर किटुबा सोपी जाते का? भाषांतर करताना काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच बऱ्यापैकी येते, काँगोत नोकरीचं जमतंय, तिथे किटुबा चालते म्हणतात. मग फ्रेंचच्या जोरावर ती किती लवकर जमेल आणि फ्रेंचमधली पत्रं-सूचना किटुबात नेता येतील का? मी काँगोतल्या प्वांत-न्वार शहरात बंदराजवळच्या एका गोदामात तीन वर्षं होतो. भाषातज्ज्ञ नाही, पण या दोन भाषांमध्ये रोज ये-जा केली आहे, त्या भांडवलावर लिहितो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. काँगो नदीच्या दोन बाजूंना काँगो नावाचेच दोन देश आहेत. ब्राझाव्हिल राजधानी असलेल्या काँगोत तिला किटुबा किंवा मुनुकुतुबा म्हणतात. 'मुनु' म्हणजे मी, 'कुतुबा' म्हणजे बोलणं, म्हणजे भाषेचं नावच जवळजवळ 'मी बोलतो'. नदीपलीकडच्या काँगोत, मतादी, किक्वित या बाजूला, तीच भाषा 'किकोंगो या लेता' म्हणून ओळखली जाते. 'लेता' म्हणजे सरकार. फ्रेंचमधला 'लेता' शब्द त्यातल्या 'ल' या उपपदासकट गिळलाय! सरकारी कारभाराबरोबर पसरली म्हणून सरकारची किकोंगो. मूळ किकोंगो म्हणजे कोंगो लोकांची भाषा, तिच्या बोली निराळ्या. त्या भागातल्या जुन्या व्यापारी वाटांवरची मिश्र बोली, पुढे १८९० ते १८९८ मधला मतादीचा लोहमार्ग, १९२१ ते १९३४ मधला काँगो-ओसेआँ लोहमार्ग, तिथे लांबलांबून आणलेले मजूर, हमाल, शिपाई, या सगळ्यांच्या तोंडी ती घडत आणि पसरत गेली. व्याकरण सुटसुटीत झालं म्हणून काही शहाणे तिला 'मोडकी किकोंगो' म्हणतात. तसं कुणासमोर म्हणू नका, आणि मनातही ठेवू नका, कारण मग तुम्ही ती नीट शिकणार नाही.

तर फ्रेंचचा उपयोग किती? कार्यालयीन शब्दांपुरता भरपूर, वाक्य बांधायला जवळपास शून्य. गंमत म्हणजे तिथे तुमची मराठी जास्त कामी येते. फ्रेंचमध्ये 'असणे' आणि 'जवळ बाळगणे' यांची वेगळी क्रियापदं. किटुबात 'मोनो केले ना म्बोंगो', शब्दशः 'मी आहे पैशासोबत' ('मोनो' हे वरच्या 'मुनु'चंच दुसरं रूप). बाळगण्याचं वेगळं क्रियापद नाही, जसं आपल्याकडे 'माझ्याकडे पैसे आहेत'. (हे 'केले' म्हणजे 'आहे' बरं का. पहिले दोन आठवडे मला प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलंय असंच वाटायचं.) नकारासाठी फ्रेंच क्रियापदाला दोन्ही बाजूंनी कवटाळते, किटुबात 'वे' शेवटी येतो, आपल्या 'नाही'सारखा. 'मोनो झाबा वे', मला माहीत नाही. लांब वाक्यात माणूस हो म्हणतोय की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, त्याची तर आपल्याला सवयच आहे.

गोदामात धूम्रपानबंदीची फ्रेंच पाटी किटुबात करायची होती. मी शब्दकोशी थाटात धूर, ओढणे असं काहीबाही जुळवत बसलो. शेजारचा सहकारी हसला आणि म्हणाला, 'कुन्वा माकाया'. कुन्वा म्हणजे पिणे, माकाया म्हणजे पानं, तंबाखू. आपण बिडी पितो, तेही पितात. सरळ मराठीतून गेलो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं.

काळांचंही तसंच. फ्रेंचमधलं 'मी विकत घेतलं' हे बोलण्यातलं एकच रूप 'घेऊन झालंय' आणि 'तेव्हा घेतलं' या दोन्हींना चालतं. किटुबात 'मोनो मेने सुम्बा' म्हणजे घेऊन झालंय, आणि 'मोनो सुम्बाका' म्हणजे तेव्हा घेतलं. हे 'मेने' मुळात 'संपणे' या क्रियापदातूनच आलंय, आपलं 'झालं' जसं मदतीला येतं तसंच. म्हणून फ्रेंच वाक्य किटुबात नेण्याआधी ते मनात मराठीत म्हणून बघा. कोणतं रूप हवं ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

खरी अडचण नात्यांत येते, आणि तिथे मी चांगलाच आपटलो. एका कामगाराने रजा मागितली: 'ताता ना मोनो' वारले. ताता म्हणजे वडील. मी फ्रेंच अर्जात 'वडील' लिहिलं. वरच्या साहेबाने फाईल काढली, तर गेल्या वर्षीही याचे वडील वारलेले. खोटं बोलतो म्हणून रजा नामंजूर. खरं तर कोंगो लोकांत वडिलांचा भाऊही ताताच. गेल्या वर्षी जन्मदाते वारले होते, यंदा काका. माणूस खरं बोलत होता, खोटं माझ्या भाषांतराने पाडलं. मग मी 'काका' असा दुरुस्त अर्ज दिला, तर काकासाठी रजेचा नियमच नाही! शेवटी त्याची रोजंदारी कापली गेली. त्यानंतर मी अर्जात नातं लिहून पुढे 'घरातलं स्थान' असा एक ओळीचा खुलासा जोडायला लागलो.

मामाचं तर त्याहून अवघड. कोंगो समाज मातृवंशीय. 'न्ग्वा न्काझी', म्हणजे आईचा भाऊ, हा घरातला मोठा अधिकारी. भाच्यांच्या लग्नात, वारशात त्याचा शब्द चालतो. फ्रेंचमध्ये मामा आणि काका एकाच शब्दात कोंबलेले. आपल्याकडे निदान शब्द तरी वेगळे आहेत, मान मात्र लग्नात अंतरपाटाच्या बाजूला उभं राहण्यापुरता.

भावंडांत उलटा पेच. 'याया' म्हणजे थोरलं भावंड, दादा असो की ताई. 'लेकी' म्हणजे धाकटं (वाचताना आपल्या लेकी आठवतात, त्यांचा इथे संबंध नाही). फ्रेंच विचारते भाऊ की बहीण, किटुबा विचारते मोठं की धाकटं. सर्वनामही 'यांदी' एकच, तो आणि ती दोघांना. म्हणून किटुबातून फ्रेंचमध्ये जाताना समोरच्याला विचारल्याशिवाय वाक्य पुरं करू नका. २०२४ पासून यंत्र-भाषांतराच्या सेवांतही किटुबा मिळते. साध्या वाक्याला ठीक, पण 'यांदी' कोण हे यंत्राला कुठून कळणार?

फ्रेंचमधला 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद कसा न्यायचा, हेही लोक विचारतात. एका माणसाला सर्रास 'न्गे'. मान सर्वनामात नाही, हाकेत आहे: ताता, मामा, याया. इथली 'मामा' म्हणजे आई, म्हणून वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणायचं. मराठी माणसाला पहिल्यांदा जीभ अडखळते, नंतर सवय होते.

उच्चारांत न्क, म्प, न्ग यांनी शब्द सुरू होतात. मुंबई म्हणता येतं म्हणून 'म्बोंगो' येईलच असं नाही, थोडा सराव लागेल. काही शब्द मात्र ओळखीचे निघतील. किकोंगोत किल्लीला 'न्साबी' म्हणतात, आणि तो आपल्या 'चावी'चा सख्खा भाऊ. दोन्ही पोर्तुगीजांकडून आले.

शिकायला स्विफ्ट आणि झोला यांचा १९६३ चा अमेरिकन परराष्ट्र सेवेसाठी केलेला प्राथमिक अभ्यासक्रम चांगला आहे. संवाद जुने वाटतील, पण वाक्यांचे साचे पक्के होतात. इंटरनेटवर शोधताना किटुबा, मुनुकुतुबा आणि किकोंगो या तिन्ही नावांनी शोधा, आणि नुसतं किकोंगो दिसलं तर आधी 'लेता'ची आहे का बघा. बाजारात भाव विचाराल तेव्हा प्रश्न किटुबात करा. आकडा बहुतेक फ्रेंचमध्येच येईल, त्यामुळे ब्राझाव्हिलच्या काँगोत जाणार असाल तर तिथला नव्वद, म्हणजे 'चार-वीस-दहा', पाठ करून जा.