शब्दांच्या शंका : ‘शेर्त्सन’

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत नर्स आहे. वॉर्डातल्या एका आजोबांना तिने सांगितलं, ‘आज इंजेक्शन नाही.’ ते म्हणाले, ‘झी शेर्त्सन वोल!’ ते रागावले असं तिला वाटलं. या ‘शेर्त्सन’चा अर्थ काय? तो चालवायचा कसा?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर : रागावले नाहीत हो, ताई. ‘थट्टा करताय की काय!’ एवढंच म्हणाले. शब्द जरा जुन्या वळणाचा. तरुण मुलं ‘माख्स्ट दू वित्सऽ?’ म्हणतील.

या क्रियापदाचं मूळ मला फार आवडतं. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘शेर्त्सन’ म्हणजे आनंदाने उड्या मारणं. इथे मालवणात आमच्या खळ्यात संध्याकाळी करडं सोडली की करतात तेच, बागडणं! पुढे अंगाचं बागडणं जिभेवर आलं. आपल्या ‘चेष्टा’चंही तसंच झालं. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, आपण मात्र माणसाची चेष्टा करतो. तीस वर्षं जर्मन शिकवताना ही जोडी मी दर वर्गाला सांगितली. जर्मन कुळातला हाच शब्द इटालियनमध्ये गेला आणि त्याचा ‘स्केर्त्सो’ झाला, संगीतातला एक खेळकर प्रकार. संगीतकार बेटहोवनने दुसऱ्या सिम्फनीत संथ मिन्युएटच्या (दरबारी नाचाच्या) जागी तो चपळ प्रकार घातला. ऐकून बघा, उड्या जाणवतात.

चालवायला सोपा आहे. इश (मी) शेर्त्सऽ, दू (तू) शेर्त्स्ट, एर (तो) शेर्त्स्ट, वीर (आम्ही) शेर्त्सन, ईर (तुम्ही) शेर्त्स्ट, झी (ते) शेर्त्सन. ‘दू’ला एरवी ‘स्ट’ लागतो, पण धातूच्या शेवटी आधीच ‘त्स’ असल्याने नुसता ‘ट’ उरतो. म्हणून तू, तो आणि तुम्ही (अनेकवचनी, घरगुती) यांची रूपं एकच. आदराचं ‘झी’ वेगळं, आजोबांनी वापरलं ते. भूतकाळ ‘शेर्त्स्टऽ’, पूर्ण भूतकाळ ‘हाबऽ गशेर्त्स्ट’. यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च. मुलीला तो शिकवावा लागणार नाही.

‘फेरशेर्त्सन’ मात्र जपून. थट्टेच्या नादात, बेफिकिरीने हातचं घालवणं, असा त्याचा अर्थ. कुणाची मर्जी अशी गेली तरी हाच शब्द.

आजोबांनी पुन्हा विचारलं तर मुलीने हसून म्हणावं, ‘नाइन, इश शेर्त्सऽ निश्त.’ नाही, मी थट्टा करत नाहीये.