५५ पाऊंडच्या बोला कुठलं मेकॅनिकल ब्रॉडहेड घेऊ? आणि ते सुट्टीत गावी आणलं तर रानडुकरांना चालेल का?

वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की मूळचा रत्नागिरीकडचा, सध्या मिशिगनमध्ये नोकरीला, ऑफिसातल्या लोकांबरोबर ह्या ऑक्टोबरला पहिल्यांदाच धनुष्याने हरणाच्या शिकारीला जाणारेस, कंपाऊंड बो (चाकांचं धनुष्य) ५५ पाऊंडचा, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर, ड्रॉ म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर २८ इंच, टोकासकट बाण वजनाने ४१० ग्रेनचा, दुकानात बाणाचा स्पीड सेकंदाला २४५ फूट आला. ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं पात्यांचं टोक; दुकानदार दोन इंची मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर पाती उघडून दोन इंच रुंद कापणारं, घे म्हणतोय, आणि तू विचारतोयस की ते घेऊ का फिक्स्ड, म्हणजे न हलणाऱ्या पात्यांचं. आणि दुसरं म्हणजे त्यातलंच एखादं गावी आणून शेतात उतरणाऱ्या डुकरांवर वापरता येईल का.

मी स्वतः मिशिगनला नऊ वर्षं काढली, त्यातली सहा वर्षं बो घेऊन झाडावर बसलोय, आता गुहागरला घरी असतो. तर आधी दुसऱ्या प्रश्नाचं एका शब्दात सांगतो, नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ खाली वनखात्याच्या परवानगीशिवाय शिकारीला बंदी आहे आणि त्यात प्रयत्नही धरला जातो, म्हणजे बाण चुकला तरी तू अडकलास. डुकराने शेती खाल्ली तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा, कंटाळवाणं आहे, मी केलंय, पण आपल्यासाठी सरळ रस्ता तोच. मी परत आल्यावर वाडीतल्या तिघाचौघांनी तरी विचारलं, अरे तुझा तो अमेरिकेचा बाण काढ की, डुकरांनी भाताची पार वाट लावलीय. त्यांचं दुःख खरं आहे, कापणीला आलेलं भात एका रात्रीत लोळवलेलं मीही बघितलंय. पण नाही म्हणजे नाही.

आता तुझा खरा प्रश्न. माझं मत थोडक्यात: दोन इंची घेऊ नकोस, दीड इंची घे. दोन पात्यांचं, मागून उघडणारं, १०० ग्रेनचं. का ते सांगतो.

पाकिटावर कटिंग डायमीटर मोठ्या अक्षरात छापलेला असतो कारण विकायला तेच सोपं. माणसाला वाटतं जेवढं भोक मोठं तेवढं बरं. पण तेवढं कापायला जोर लागतो ना, आणि तो जोर तुझ्या बाणातूनच जाणार. बाणाचं ग्रेनमधलं वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, असा हिशोब असतो. तुझा येतो साधारण ५५ फूट-पाऊंड. हरणाला हे भरपूर आहे, पण त्यातला बराचसा भाग पाती उघडण्यात आणि रुंद कातडं फाडण्यात गेला तर पलीकडच्या बाजूला काय उरणार? फणस कापताना बघ, अरुंद सुरी सरळ आत जाते आणि रुंद कोयता जोर कमी पडला की अर्ध्यात रुतून बसतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दुसऱ्या सीझनला माझा बो ५० पाऊंडचा, हात आखूड त्यामुळे ड्रॉ २७, बाण हलका ३६० ग्रेनचा, वेग २३५. हिशोब केला असता तर ४४ च आला असता, पण केला कोणी! मी ऐटीत दोन इंची तीन पात्यांचं घेऊन गेलो, कंपनीचं नाव सांगत नाही कारण चूक तिची नव्हती. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, उजेड जायला आलेला, एक मादी २२ यार्डांवर आली, अंग थोडं माझ्याकडे वळलेलं. थांबायला हवं होतं, नाही थांबलो. बाण लागल्यावर जो आवाज आला तो अजून कानात आहे, टॉक असा, लाकडावर लागल्यासारखा. खांद्याचं हाड. ती पळाली तेव्हा अर्धा बाण बाहेर लोंबत होता. पाचोळ्यावर रक्ताचे थेंब रुपयाएवढे, मग चार आण्याएवढे, मग शंभरेक पावलांवर काहीच नाही. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन फिरलो, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने मला हे सगळं शिकवलं तो कामावरचा म्हातारा सहकारी पण आला, दोघांनी दुपारपर्यंत शोधलं. हरीण मिळालं नाही. बाणाचा तुकडा मिळाला, एक पातं पूर्ण उघडलेलं, एक वाकलेलं, आणि तिसरं तर उघडलंच नव्हतं.

तो म्हातारा तेव्हा जे बोलला ते तुझ्यासाठी महत्त्वाचं. तू झाडावर पंधरा-वीस फूट उंच बसणार, बाण वरून खाली जाणार, म्हणजे आत शिरतानाचं भोक हरणाच्या अंगावर उंच असतं. बाण पलीकडे निघाला नाही तर रक्त आतच साठत राहतं, भोकापर्यंत चढेपर्यंत हरीण कुठच्या कुठे गेलेलं असतं. पलीकडचं भोक खाली असतं, रक्ताचा माग सांडतो तो तिथून. म्हणून आरपार गेलेलं दीड इंची मला एकाच बाजूच्या दोन इंचीपेक्षा कधीही चालेल.

आता प्रकार. समोरून उघडणारी जी असतात त्यांची पाती मिटलेली असताना टोकाकडे तोंड करून असतात आणि लागल्यावर केळ्याची साल सोलावी तशी मागे पडतात. साधी, मजबूत, वास्प कंपनीचं जॅकहॅमर ह्यातलं जुनं नाव. पण तिरक्या कोनात एक पातं आधी अडकलं तर बाण मान वाकडी करतो, आणि पहिलं भोक लहान राहतं. मागून उघडणाऱ्यात पात्यांची बारीक शिंगं पुढे बाहेर आलेली असतात, कातड्याला लागली की पाती मागे सरकत बाजूला फाकतात, म्हणजे आत शिरतानाच रुंद कापलं जातं. रेज कंपनीमुळे हा प्रकार घरोघरी गेला, त्यात पाती धरून ठेवायला प्लास्टिकची कॉलर असते. स्वॅकरचं अजून वेगळं, बाहेरची छोटी पाती कातडं कापतात आणि मोठी आत गेल्यावर उघडतात, त्यामुळे मोठ्या पात्यांची धार केसा-कातड्यावर फुकट जात नाही. सेव्हरचं दीड इंची आहे, त्याची पाती हाडाला लागली तर डावी-उजवी हलून वाट काढतात, आणि एक स्क्रू लावून पाती मिटलेली लॉक करता येतात, त्यामुळे जे शिकारीला नेणार त्यावरच प्रॅक्टिस होते. मी आज तिकडे असतो तर हेच घेतलं असतं. कॉलरवाली घेतलीस तर कॉलरी एक्स्ट्रा घे.

टोक पण बघून घे. तीन पैलूंचं छिन्नीसारखं टोक हाडाला बरं, सरळ धारेचं टोक कमी जोरात जास्त आत जातं. तुझ्या ५५ ला दोन्ही चालतील. वजनाचं म्हणशील तर १०० ग्रेन म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त, आणि तू आत्ता ज्या फील्ड पॉइंटने (प्रॅक्टिसचं बिनपात्याचं टोक) प्रॅक्टिस करतोयस त्याच वजनाचं घ्यायचं, नाहीतर नेम धरायची सगळी साइट परत लावावी लागेल.

लोक म्हणतात मेकॅनिकल फील्ड पॉइंटसारखंच उडतं म्हणून बो ट्यून करायची गरज नाही. हे अर्धंच खरं. पाती मिटलेली असतात म्हणून वारा कमी पकडतं, फिक्स्ड ब्रॉडहेड बोची चूक लगेच चव्हाट्यावर आणतं आणि मेकॅनिकल ती झाकतं, एवढाच फरक. वेडावाकडा उडणारा बाण लागतो पण वेडावाकडाच, आणि सगळा जोर आडवा जातो. दुकानात कागदातून बाण मारून बघ, गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा दिसल्या पाहिजेत, लांब फाटलेलं दिसलं तर बो परत त्यांच्याच हातात दे. बाण तळहातावर फिरवून टोक थरथरतंय का तेही बघ.

फिक्स्ड घ्यावं का असंही विचारलंयस. बोचा जोर ५० पाऊंडच्या खाली असता तर मी डोळे मिटून फिक्स्ड म्हटलं असतं, हलणारा भाग नाही, बिघडायला काही नाही. ५५ ला दीड इंची मेकॅनिकल चालतं, पण कोन कडक पाळायचा. हरीण आडवं उभं असेल किंवा तुझ्यापासून पलीकडे तोंड करून थोडं वळलेलं असेल तरच. तुझ्याकडे तोंड असेल तर बो खाली. आणि सोडल्यावर निदान अर्धा तास झाडावरून उतरू नकोस, पोटात लागलंय असं वाटलं तर सहा-आठ तास तरी हरणामागे जायचं नाही, नाहीतर ते उठून मैलभर जातं.

नियमांचं: मिशिगनला हरणासाठी ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद लागतं, दीड इंचीला तो प्रश्नच नाही. तुझा जन्म १९६० नंतरचा असणारच, तेव्हा लायसन्सच्या आधी हंटर सेफ्टी कोर्स. दुसऱ्या राज्यात जाणार असशील तर तिथलं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाच, मेकॅनिकलवर काही राज्यांत बरीच वर्षं बंदी होती.

एक अजून. माझी उरलेली दोन ब्रॉडहेडं इथे पडवीतल्या ट्रंकेत होती, परवा तुझा प्रश्न वाचून काढली. खाऱ्या हवेने पात्यांवर लाल गंज, आणि पाती धरणारं रबर बोट लावल्याबरोबर पापडासारखं तुटलं. मिशिगनला एवढं होणार नाही पण थंडीत रबर आणि प्लास्टिक कडक होतंच, गेल्या वर्षीच्या उरलेल्या रबरावर भरवसा ठेवू नकोस. क्विव्हरच्या (बाणांच्या भात्याच्या) फोममध्ये खुपसून ठेवलंस तर ओढताना पातं उघडतं आणि अंधारात तुला कळत नाही, म्हणून झाडावर चढल्यावर बाण लावायच्या आधी अंगठ्याने नाही, डोळ्याने बघ, छोटा लाल टॉर्च ठेव. सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो, तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मागव, एक पाकीट फक्त मारून खराब करायला धर, आणि २० यार्डांवर थंडीचं जॅकेट घालून मारून बघ, बाहीला दोरी लागते ती घरातल्या टीशर्टवर कधीच लागत नाही.